रांगत्या बाळाचे घर



दर अंकात या पानावर पाड्यांवरच्या आरोग्याचा एखादा विषय मी मांडते. या वेळी रांगत्या आणि नुकत्याच चालू लागलेल्या मुलांचे घर हा विषय घेतला आहे. तो घेण्याचे कारण माझी स्वतःची एक चूक आहे, म्हणून आधी तीच सांगते.

मागच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर एका हितचिंतकांनी आमच्या केंद्राला रंगीत तक्ते पाठवले. विषय होता ‘बाळासाठी सुरक्षित घर’. चित्रे सुरेख होती. जिन्याला छोटे फाटक, विजेच्या प्लगला झाकण, कपाटाला कडी, टेबलाच्या कोपऱ्यांना रबराच्या टोप्या, न्हाणीघराचे दार बंद. मी तो तक्ता घेऊन पालघर जिल्ह्यात जव्हारच्या पलीकडे एका वारली पाड्यावर गेले. कारवीच्या कुडाला तक्ता टोचता येईना, म्हणून तो दोरीने वाशाला टांगला आणि एकेक चित्र समजावून सांगितले. बायका शांतपणे ऐकत होत्या. मी वहीत घरांच्या नावांपुढे ‘माहिती दिली’ असे लिहिले आणि संध्याकाळच्या एसटीने परत आले.

तीन आठवड्यांनी त्याच वहीतल्या एका घरातला अकरा महिन्यांचा मुलगा भाजला. आईने भाताची पेज काढून टोप चुलीच्या कडेला, जमिनीवर निवायला ठेवला होता. तेवढ्यात शेळी दारातून आत शिरली, तिला हाकलायला ती उठली. दहा पावलांचे अंतर असेल. बाळ रांगत टोपापाशी गेले, काठ धरून उभे राहायला पाहू लागले आणि टोप अंगावर आला. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत आणि छातीचा थोडा भाग. मूल वाचले, पण बोटे आखडू नयेत म्हणून पुढे कित्येक महिने रोज त्याचा हात ताणून व्यायाम द्यावा लागला, आणि दर वेळी ते रडत असे.

दवाखान्यातून ते घरी आल्यावर मी भेटीला गेले. आई काही बोलली नाही. आजी बोलली. तक्ता अजून वाशाला लटकत होता, त्याच्याकडे बोट करून ती म्हणाली, “बाय, तुझ्या कागदातली एक तरी वस्तू आमच्या घरात हाय का? जिना नाय, कपाट नाय, न्हाणीला दार नाय. चूल हाय, ती कागदात कुठं हाय?”

मी पुन्हा तक्ता पाहिला. चूल खरोखरच नव्हती.

त्या दिवशी मी एक काम केले, जे पहिल्या दिवशीच करायला हवे होते. पिशवी बाजूला ठेवली, साडी खोचली आणि त्या घरात चक्क रांगले. बायका हसून हसून बेजार झाल्या. शेजारची पोरे दारात जमली. पण गुडघ्यांवर आले आणि घर वेगळेच दिसू लागले. उभ्या माणसाला जे दिसते ते वरचे: माळा, कणगी, देवाचा कोनाडा. बाळाला दिसते ते खालचे: चुलीतला लाल निखारा, त्याच्या बाजूला काळा टोप, विळा, पाटा-वरवंटा, कुडाला टेकवलेली कोयती, कोपऱ्यात पाण्याच्या बाटल्या, आणि त्या बाटल्यांच्या रांगेत एक फवारणीच्या औषधाची. सारवलेल्या जमिनीवर एक लाल चकचकीत दाणा पडला होता, बियाण्याच्या पिशवीतला. त्याला औषध लावलेले असते म्हणून तो रंगवलेला असतो. बाळाच्या डोळ्यांना त्या सगळ्या करड्या जमिनीवर तोच एक दाणा उठून दिसणार.

वाचकांपैकी जे पाड्यांवर काम करतात त्यांना माझी विनंती आहे की सल्ला देण्याआधी एकदा रांगून पाहावे. लाज वाटते, पण अर्ध्या तासात जे कळते ते तक्त्याने कळत नाही.

रांगून झाल्यावर आजीने माझ्या हाती पाणी दिले आणि वर वाशाकडे पाहत म्हणाली, “माझ्या सासूच्या घरी तीन शिंकी होती.” दूध, भाकरी, मिठाचे गाडगे, जे जपायचे ते शिंक्यात. मांजरापासूनही वाचायचे आणि पोरांपासूनही. मग प्लास्टिकच्या बरण्या आणि कॅन आले. त्यांना टांगायचे कशाला? त्या खाली बसल्या. शिंकी गेली आणि घरातल्या सगळ्या वस्तू दोन फूट खाली उतरल्या.

मला या विषयाचे मर्म त्या एका वाक्यात सापडले. शहरातले सुरक्षित घर म्हणजे झाकणे, कड्या आणि कुलपे. आपल्या पाड्यांवरचे घर म्हणजे एकच खोली. तिथे चूल, झोपणे, धान्य, कोंबड्या, कधी गुरेसुद्धा एका छपराखाली. दार लावून धोका वेगळा करता येत नाही. तो फक्त वर नेता येतो किंवा मध्ये आडोसा घालता येतो. वर्षाचे मूल साधारण अडीच फूट उंच असते, हात वर केला की तीन फुटांपर्यंत पोचते. म्हणून जे धोक्याचे ते मोठ्या माणसाच्या खांद्याच्या वर, आणि जे वर नेता येत नाही त्याच्याभोवती कूड. शिंके विणायला काथ्या किंवा सुतळी लागते, आणि ते विणणारे हात अजून पाड्यापाड्यांवर आहेत.

चूल मात्र वर टांगता येत नाही, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. आमच्या भागात बहुतेक चुली जमिनीवर आहेत. काही घरांनी त्या वीतभर उंचावल्या. वीतभर उंचीने बाईची कमर वाचत नाही आणि मूलही वाचत नाही, उलट रांगत्या बाळाला हात टेकून उभे राहायला छान ओटा मिळतो. उंचवायची तर कमरेपर्यंत उंचवावी आणि तिच्याजवळ पाट, डबा, पाटा असे चढायला काही ठेवू नये. ते जमत नसेल तर चुलीभोवती तीन बाजूंनी गुडघ्याच्या वर येईल असा बांबूचा किंवा कारवीचा कूड घालावा, बाईला बसायला चौथी बाजू मोकळी ठेवावी आणि तिथे अडसराला एक फळी असावी. जाळाच्या जवळच्या बाजूला कुडाला मातीचा जाड लेप द्यावा, नाही तर तो पेटेल. मुख्य म्हणजे उतरवलेला टोप कुडाच्या आतच ठेवावा. आमच्याकडे आलेल्या भाजलेल्या मुलांत जाळात हात घातलेली थोडी होती. बहुतेक उतरवलेल्या पेजेने, डाळीने, अंघोळीच्या कढत पाण्याने किंवा चहाने भाजलेली. माणूस जाळाला भितो, मुलाला त्यापासून दूर ठेवतो, पण उतरवलेल्या टोपाला भीत नाही. अंघोळीच्या पाण्याचे तर अगदी सोपे आहे: बादलीत आधी गार पाणी, मग गरम. उलट करू नये. आणि मांडीवर मूल घेऊन चहा पिऊ नये, ही गोष्ट आम्हा नर्सबाईंनाही लागू आहे.

भाजल्यावर काय करायचे, हे सगळ्यांना ठाऊक आहे असे आपण धरून चालतो. तसे नाही. त्या बाळाच्या हाताला घरच्यांनी टूथपेस्ट लावली होती. दुसऱ्या घरी हळद, तिसऱ्या घरी शाई. यातले काहीही लावू नये. साधे गार पाणी २० मिनिटे ओतत राहावे, हा खरा उपचार. बर्फ नको. मनगट्या, वाळे, काळा दोरा लगेच काढावा, कारण अंग सुजले की ते रुततात. चिकटलेले कापड ओढून काढू नये. नंतर स्वच्छ सुती कापड सैल गुंडाळून दवाखाना गाठावा, आणि बाकीचे अंग पांघरुणात ठेवावे, कारण लहान मूल पटकन गारठते.

पण २० मिनिटे पाणी ओता, हे मी एप्रिल महिन्यात एका आईला सांगत होते आणि ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या घरात दोन हंडे पाणी होते. ते तिने पहाटे उठून, विहिरीच्या तळाशी वाटी-वाटीने साचलेले, भरून डोक्यावरून आणले होते. ते सगळे हातावर ओतून द्या असे सांगणारी मी कोण? तेव्हापासून आम्ही असे सांगतो: भाजलेला भाग परातीवर धरायचा, तांब्याने पाणी ओतायचे, परातीत जमलेले तेच पाणी पुन्हा तांब्यात भरून पुन्हा ओतायचे. परात आणि पाणी स्वच्छ असले म्हणजे झाले. पाणी कोमट वाटू लागले की बदलायचे. एका हंड्यात काम होते. हे ऐकल्यावर मात्र बायका माना डोलावतात.

पाण्याचा दुसरा धोका उलटा आहे, तो पाणी असण्याचा. उन्हाळ्यात टँकर येतो म्हणून घराघरात निळी पिंपे आली आहेत. लहान मुलाचे डोके अंगाच्या मानाने जड. ते बादलीत वाकले की तोल डोक्याकडे जातो आणि त्याला परत उठता येत नाही. बादलीत वीतभर पाणी असले तरी पुरते. बुडणारे मूल ओरडत नाही, पाणी उडवत नाही. तोंड पाण्यात असते, ओरडणार कुठून? घरात आवाज आला नाही याचा अर्थ सगळे ठीक आहे असा नसतो. वापरून झालेली बादली पालथी करावी, पिंपावर झाकण आणि झाकणावर दगड ठेवावा. घराबाहेर विनाकठड्याच्या विहिरी आहेत, वीटभट्टीसाठी माती काढलेले खड्डे पावसात भरतात, आणि अलीकडे शेततळी झाली आहेत. शेततळ्याने पाणी दिले हे खरेच, पण त्याला आतून प्लास्टिक अंथरलेले असते. त्यावरून मोठा माणूसही घसरतो आणि वर चढू शकत नाही. त्याला काटेरी कुंपण हवे आणि आत सोडलेला, जागोजागी गाठी मारलेला एक मजबूत दोर तरी हवाच.

बाटल्यांबद्दल आमचा एकच नियम आहे. पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत पाण्याशिवाय काही भरायचे नाही. मोटरसायकलचे पेट्रोल, दिव्याचे रॉकेल, फवारणीचे औषध हे सगळे आपल्याकडे त्याच बाटल्यांतून येते. मुलाला अक्षर वाचता येत नाही, त्याला बाटली ओळखता येते, आणि त्याच्या लेखी बाटली म्हणजे पाणी. रॉकेल किंवा पेट्रोल प्यायलेल्या मुलाला मीठ-पाणी पाजून उलटी करवतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. तसे कधीही करू नये. पोटात गेलेले रॉकेल जेवढे नुकसान करते त्याहून जास्त ते उलटीबरोबर फुप्फुसात शिरून करते. काही न पाजता, बाटली सोबत घेऊन, सरळ दवाखाना. युरिया साखरेसारखा दिसतो, तोही माळ्यावर. उंदराचे औषध भज्यात भरून कोपऱ्यात ठेवायची रीत आहे, ती रांगते मूल असलेल्या घरात बंदच करावी. तंबाखूची पुडी कनवटीला, खाली नको. आणि चुन्याची ती छोटी ट्यूब तर मुले हमखास उचलतात. दाबली की चुना डोळ्यात उडतो. चुना डोळ्याला जाळत जातो. त्या क्षणी दवाखान्याकडे पळू नये, आधी डोळा उघडा धरून स्वच्छ पाण्याची धार सोडावी, निदान अर्धा तास, आणि मगच निघावे. यात पाण्याची काटकसर करू नये आणि परातीतले पाणी पुन्हा वापरू नये.

बांधावर कुंपणाला मोगली एरंड लावतात. त्याच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात. एका मुलाने खाल्ल्या की सगळी टोळी खाते, आणि मग सगळ्यांना एकदम उलट्या-जुलाब. अंगणापासून हे झाड दूरच बरे.

घशात अडकण्याचा विषय माझ्या आवडीचा नाही, कारण त्यात वेळ फार थोडा मिळतो. शेंगदाणे, फुटाणे, सुपारीचे खांड, चिंचोके, बोराची आठळी, जांभळाची बी, हे सगळे आपल्या मुलांच्या हातात असते. बरीच खेळणीही यांचीच असतात. चार-पाच वर्षांचे होईपर्यंत अख्खा दाणा देऊ नये, कुटून द्यावा. आठवडी बाजारातल्या लुकलुकणाऱ्या खेळण्यांत गोल, चपटी, बटणासारखी बॅटरी असते. ती गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही आतून जखम करते. शौचावाटे पडेल म्हणून वाट पाहू नये.

अडकलेच, आणि मूल खोकत-रडत असेल तर त्याला खोकू द्यावे. आवाज बंद झाला, ओठ निळे पडू लागले तर वर्षाच्या आतल्या बाळाला आपल्या हातावर पालथे घ्यावे, डोके छातीपेक्षा खाली, जबडा हाताने धरलेला. दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच थापा द्याव्यात. नाही निघाले तर उताणे करून छातीच्या मधोमध, स्तनाग्रांच्या रेषेच्या जरा खाली, दोन बोटांनी पाच वेळा दाबावे. पुन्हा पालथे. असे वस्तू निघेपर्यंत करीत राहावे. बाळाने अंग सोडले तर लगेच छाती दाबणे आणि तोंडाने श्वास देणे सुरू करावे. वर्षावरच्या मुलाला पाठीत पाच थापा, मग मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मुठीने आत आणि वर असे झटके. वस्तू दिसत नसताना तोंडात बोट घालून चाचपडू नये, ती आणखी आत जाते. वाचून हे हातात येत नाही. आमच्या केंद्रात दर महिन्याच्या बैठकीत कापडी बाहुलीवर ते करून घेतो. आपल्या जवळच्या आशाताईंना विचारा, अनेकींना हे शिकवलेले असते.

झोपण्याची जागा हा पावसाळ्यातला सगळ्यात मोठा प्रश्न. पावसाचे पाणी बिळात शिरले की साप कोरड्या जागी येतो, आणि कोरडी जागा म्हणजे आपले घर. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. खूण दिसत नाही. मूल पहाटे पोट दुखते म्हणून रडते, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही. घरच्यांना वाटते झोप आली आहे. पावसाळ्यातल्या पहाटे मुलाच्या पापण्या उघडत नसतील तर आधी सापाचा विचार करावा. कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. हातपाय न हलवता झोपवूनच न्यावे, आणि जिथे विषावरचे इंजेक्शन आहे त्याच दवाखान्यात. ते सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळते आणि नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर चालते. भगताकडे जाऊ नका असे मी सांगत नाही, कारण लोक जातातच. आमच्या पाड्यावरच्या भगताशी मी सरळ बोलले. ते म्हणाले, “गाडी बोलवा, मंतर मी गाडीत म्हणतो.” तेव्हापासून दोनदा ते १०८ च्या गाडीत बसून आले आहेत.

दंश टाळण्याचा उपाय साधा आहे. खाट असेल तर खाटेवर, नसेल तर जमिनीवरच, पण मच्छरदाणी लावून आणि तिच्या कडा गोधडीखाली चारी बाजूंनी खोचून. न खोचलेली मच्छरदाणी डास अडवील, मण्यार अडवणार नाही. सरपणाचा ढीग आणि कोंबड्यांचे खुराडे झोपायच्या जागेपासून लांब. धान्य सांडले की उंदीर येतो आणि उंदरामागे साप.

कोकणपट्टीत लाल विंचूही आहे. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर वापरून दाखवले आणि १९८६ साली ते जगापुढे मांडले, त्यामुळे असंख्य मुलांचे प्राण वाचले. पण मूल दवाखान्यात वेळेवर पोचले तरच. विंचू चावल्यावर दरदरून घाम, उलटी आणि हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसली तर तासाचीही वाट पाहू नये.

तान्ह्या बाळाबद्दल थोडे. झोळी ही उत्तम गोष्ट आहे, मी तिच्या विरोधात नाही. पण ती चुलीच्या किंवा पाट्याच्या वर नको, जमिनीपासून हातभरच उंच असावी, वर आडवी काठी घालून तोंड उघडे ठेवावे म्हणजे कापड बाळाच्या नाकावर येत नाही. हनुवटी छातीला टेकलेली नको. बाळ बसू लागले की झोळी सोडावी, ते तिच्यातून उठायला पाहते. गळ्यातला ताईत झोळीत असताना काढावा किंवा कमरेला बांधावा. बाळंतिणीच्या खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून दार-खिडकी बंद करतात, त्यातून वास नसलेला विषारी वायू कोंडतो. ऊब द्यायची तर बाळाला आईच्या उघड्या छातीला लावून वरून पांघरूण घालावे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, बाळमृत्यू उतरवले आणि ते काम १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. आज आशाताई प्रसूतीनंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात ती पद्धत तिथूनच आली. त्या भेटींत वजन आणि ताप बघितला जातो. चुलीकडेही बघितले जावे असे मला वाटते.

विजेबद्दल एवढेच: आकड्याची उघडी तार आणि लोंबकळता मोबाइलचा चार्जर तोंडात घालणारे मूल, यांची गाठ पडू देऊ नये.

आता जे मला सगळ्यात अवघड वाटते ते. इतके सगळे केले तरी मुलाजवळ कोण आहे? आषाढात आवणी सुरू झाली की आई पहाटे शेतावर जाते आणि अंधार पडायला येते. बाळ सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. ती पोर आपल्याहून अर्ध्या वजनाचे मूल दिवसभर सांभाळते, शाळा बुडवते, आणि काही झाले की मार तीच खाते. मी तिला दोष देऊ शकत नाही. तिला खेळावेसे वाटते, तिचे वयच ते आहे. अंगणवाडीत तीन वर्षांपुढची मुले बसतात. त्याखालच्यांना घरी नेण्याचा आहार मिळतो, बसायला जागा नसते. आणि भाजण्याचे, बुडण्याचे, गिळण्याचे वय नेमके तेच, सहा महिने ते तीन वर्षे.

छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारीला जन स्वास्थ्य सहयोग ही डॉक्टरांची संस्था आहे. त्यांनी जंगलातल्या गावांत याच वयाच्या मुलांसाठी ‘फुलवारी’ चालवल्या. गावातलीच बाई, गावातलेच घर, आई कामावर असेपर्यंत मुले तिथे, आणि खाऊही तिथेच. बांगलादेशात तळ्यांत मुले बुडू नयेत म्हणून सकाळच्या कामाच्या वेळात अशीच घरे चालवली जातात, कारण मुले बुडतात ती मुख्यतः त्याच वेळात. हे वाचून आम्हीही गेल्या आवणीत एका पाड्यावर करून पाहिले. मोठे काही नाही. ज्यांना शेतात वाकता येत नाही अशा दोन आज्या, ज्या घरात चुलीला कूड घातला आहे असे एक घर, आणि पाच मुले. आज्यांना आवणीचा अर्धा रोज बायकांनी आपसात वर्गणी काढून दिला, उरलेला केंद्राने. दोन बहिणी शाळेत गेल्या. एक आजी मध्येच आजारी पडली आणि चार दिवस बंद ठेवावे लागले, त्या चार दिवसांत आम्ही सगळेच धास्तावलेलो होतो. यंदा तीन आज्या शोधतो आहोत. ज्या वाचकांकडे वापरलेल्या पण न फाटलेल्या मच्छरदाण्या किंवा घट्ट विणीच्या जुन्या सुती साड्या असतील त्यांनी केंद्राकडे पोचवल्या तर उपयोग होईल. तक्ते मात्र आता नकोत.

भाजलेल्या त्या बाळाकडे मी परवा गेले होते. दोन वर्षांचा झाला आहे. मूठ वळते, करंगळी थोडी वाकडी राहिली आहे, तिचा व्यायाम अजून चालू आहे. चुलीभोवती कूड आहे. वाशाला आजीने विणलेली दोन शिंकी आहेत, एकात औषधाची बाटली आणि काडेपेटी, दुसऱ्यात गूळ. गूळ तिने मुद्दाम ठेवला असावा. कारण मी बसले असतानाच त्याने पाट ओढत आणला, त्यावर चढला आणि हात वर केला. टाचा उंचावल्या तेव्हा बोटे शिंक्याच्या बुडाला लागली. आजीने माझ्याकडे पाहिले, मी वर पाहिले. दोन्ही शिंकी तशीच सोडली आणि हातभर वर बांधली.